डाग

चहाला उकळी फुटत होती तेवढ्यात गॅलरीतून ‘टक्’ असा आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा, बारीक आणि कोरडा. दुसरं कोणी असतं तर पाल असेल म्हणून साखर ढवळत राहिलं असतं. सरोजने गॅस बंद केला. पुण्याच्या कंपनीत तिची उभी नोकरी प्लॅस्टिकचे सांधे तोडून बघण्यात गेली होती. कुठला सांधा किती ओढल्यावर सुटतो ते मशीनवर लावून बघायचं आणि सही करून द्यायची. त्यामुळे सांधा सुटल्याचा आवाज तिला आधी पोटात कळायचा, कानाला मागाहून. गॅलरीत जाईपर्यंतच तिला ठाऊक होतं काय दिसणार आहे. तरी तिने मनाशी ‘कुंडी तडकली असेल’ असं म्हणून घेतलं. माणूस स्वतःला असल्या सवलती देत असतो, आणि त्रेपन्नाव्या वर्षी तर त्या हक्काने घेतो.

कठड्याशी नळकांडी ओळीने उभी होती, हात-हातभर उंचीची, गुळाच्या रंगाची, अंगात भाताच्या तुसाचे बारीक कण चमकणारी. प्रत्येकात एकेक रोप. करंजाचं रोप असलेलं नळकांडं वरपासून खालपर्यंत उभं उललं होतं आणि आतली माती बाहेर डोकावत होती. याच्या आधी दोन उलली होती, हे तिसरं. पहिल्यांदा तिने उन्हाला बोल लावला, दुसऱ्यांदा स्वतःच्या पाणी घालण्याला. आता बोल लावायला कोणी उरलं नव्हतं. आणि आजच उपेंद्र येणार होता.

ही नळकांडी म्हणजे तिचा आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या रत्नाचा संसार होता. भोरमधून हायवेकडे जाताना उजव्या हाताला पत्र्याची शेड आहे, तिथे ती होत. मक्याच्या साखरेपासून केलेलं, मातीत कुजून जाणारं प्लॅस्टिक, त्यात भाताचा तूस. या लगद्याच्या दाबून पन्हळी करायच्या आणि दोन पन्हळी जोडून एक नळकांडं. डोंगरावर झाड लावताना पिशवी फाडायची नाही, रोपाची मुळं उघडी करायची नाहीत, नळकांड्यासकट खड्ड्यात ठेवायचं. दोन पावसाळे ते मुळं धरून ठेवतं, मग आपणच माती होऊन जातं. पण तोवर सांध्याने धरलं पाहिजे. वाटेतच सांधा सुटला की माती सांडली, माती सांडली की मुळाला वारा लागला, आणि रोप गेलं. उपेंद्र डोंगरांवर झाडं लावणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेचा माणूस होता. तो आज येऊन ढिगातून वाटेल ती नळकांडी उचलणार, पिळून बघणार, आणि मनाला आली तर पुढचा सगळा हंगाम शेडला काम मिळणार. न मिळालं तर शेडला टाळं, आणि सरोज परत पुण्याला, त्याच मशीनपुढच्या त्याच खुर्चीत. ‘तुमची जागा तुमचीच आहे मॅडम, कधीही या,’ असं कंपनीतले अजून फोनवर म्हणत, आणि प्रत्येक वेळी तिला आपल्याला कोणी दुरून दावं दाखवतंय असं वाटे.

कारण ती इथे सुखात होती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सुखाचं सांगायला गेलं की माणसं ‘अरे वा’ म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. पण सकाळी स्कूटर काढून गावाबाहेर पडलं, भाजीवाल्यांचे टेम्पो मागे पडले आणि दोन्ही बाजूला भाताची कापलेली खाचरं दिसायला लागली, की तिच्या छातीत काहीतरी सैल व्हायचं. पुण्यात तीस वर्षं तिने तोडण्याचं काम केलं. चांगला सांधासुद्धा तिच्याकडे यायचा तो तुटायलाच. जोडणं म्हणजे काय, ते तिला इथे येऊन रत्नाच्या हाताकडे बघताना कळलं. तापलेल्या सपाट लोखंडी पाटावर दोन्ही पन्हळींच्या कडा टेकवायच्या, मेणासारख्या मऊ झाल्या की उचलायच्या आणि एकमेकींवर दाबून धरायच्या, गार होईपर्यंत, न बोलता. उष्णता जास्त झाली की तूस करपतो, कमी झाली की कडा चिकटल्याचं नुसतं नाटक करतात. किती ताप, किती वेळ, हे सरोजने काढलेलं, हात रत्नाचे. सरोज याला वेल्डिंग म्हणायची. रत्ना त्या पाटाला तवा म्हणायची आणि वेल्डिंगला डाग देणं. ‘ताई, आज किती डाग द्याचे?’ हा शब्द ऐकला की सरोजला लहानपणचा बाजार आठवायचा. झाडाखाली बसणारा डागवाला, त्याचा तो कोळशाचा भाता, आईने पदराखालून काढलेली गळकी कळशी. तो तापलेली कांडी टेकवायचा, धूर उठायचा, नाकात तिखट वास शिरायचा, आणि कळशी बरी व्हायची. घरी येताना आई म्हणायची, डाग दिलेल्या जागी भांडं पुन्हा फुटत नाही, फुटलंच तर शेजारी फुटतं. आणि त्याच आईने लग्नासाठी म्हणून ट्रंकेत जपून ठेवलेल्या पाटल्या-बिल्वरांनाही डागच म्हणायचे, ‘चार डाग आहेत सरूचे’. ते तसेच राहिले. एका शब्दात मराठीने किती संसार कोंबलेत कोण जाणे.

तिने उललेलं नळकांडं नळाखाली धरलं. माती वाहून गेली, दोन पन्हळी अलगद हातात आल्या, जणू कधी एकत्र नव्हत्याच. तिने कड डोळ्यांजवळ नेली. चांगला सांधा तुटला तर खडबडीत तुटतो, एकीचा तुकडा दुसरीला लागून येतो. ही कड गुळगुळीत होती आणि तिच्या मधोमध एक पिवळट रेघ होती, एका जागी लालसर. बुरशी म्हणावी तर ओली नव्हती, गंज म्हणावा तर लोखंड नव्हतं. सरोजने नखाने रेघ खरवडली आणि कंपनीत कधीच केलं नसतं ते केलं. बोट जिभेला लावलं. कडवट, मातकट, ओळखीची चव. हळद होती ती.

मग सगळं एकदम समजलं, आणि समजल्यावर तिला वाटलं की न समजतं तर बरं. गॅलरीतली ही सगळी नळकांडी रोजच्या पहिल्या डागाची होती. रत्नाचा तो नेम होता. सकाळचं पहिलं नळकांडं ती सरोजच्या पिशवीत टाकायची. ‘भवानीचं हाय, इकायचं न्हाई. तुमी न्या.’ शेडमधली बाकीची सरोजने पिळून पाहिली होती, कितीतरी वेळा, एकही हललं नव्हतं. सुटत होतं ते फक्त पहिलं. आणि पहिल्याच्या आधी रत्ना तव्याला हळदकुंकू लावत होती. खंडेनवमीपासून.

खंडेनवमीचा दिवस तिला आता नको इतका स्वच्छ आठवला. झेंडूची माळ, नारळ, तव्यापुढे ठेवलेलं तबक. आणि नेमका उपेंद्रचा फोन आला. सरोजने फोन खांद्याने कानाशी धरून तबक रत्नाच्या पुढे केलं होतं. ‘तू लाव ग, माझे हात अडकलेत.’ रत्ना हलली नाही. ‘म्या?’ म्हणाली. ‘मग कोण? तवा तुझाच ना?’ असं म्हणून सरोज फोनवर बोलत बाहेर गेली. परत आली तेव्हा तव्याच्या कपाळावर, म्हणजे जिथे कपाळ असतं तर असतं तिथे, हळदकुंकवाची दोन बोटं होती आणि रत्ना पाठ करून पन्हळी पुसत होती. फार वेळ पुसत होती. त्यानंतर खिडकीत एक छोटा स्टीलचा करंडा आला. सरोजला वाटलं, भाविक बाई आहे. बघितलं आणि सोडून दिलं.

स्कूटर ओढ्यावरच्या पुलाशी आली तेव्हा कुठे तिला नुसती हळद सोडून पुढचं दिसलं. रत्नाचा नवरा हनुमंत जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. ते सरोजला माहीत होतं, जसं तिचं माहेर वेल्ह्याकडे आहे आणि तिथूनच तिचा भाऊ टेम्पोने तूस पाठवतो, हे माहीत होतं. पण सरोजच्या डोक्यात नवरा नसणं म्हणजे आपल्यासारखंच, एवढीच नोंद होती. स्वतःला कधी नवरा नव्हता, त्यामुळे एखादीचा असून गेला म्हणजे तिच्या हातातून काय काय काढून घेतात, याचा हिशेब तिला कधी करावा लागला नव्हता. भोंगवलीच्या अलीकडच्या वाडीत, सासरी, नऊ-दहा वर्षांत कोणी रत्नापुढे हळदकुंकवाचं तबक धरलं नसणार. आणि आपण धरलं, फोनवर बोलता बोलता, चहाचा कप धरावा तसं. तिला स्वतःची लाज वाटली आणि लाजेच्या आत, अगदी खाली, थोडा आनंदही वाटला. कारण मग रोज सकाळी रत्ना जे करत होती ती पूजा नव्हतीच. ज्याला लावलं तर तो नको म्हणत नाही, असा तिला या तालुक्यात एकच सापडला होता, आणि तो तवा होता.

तिला भोरमधली चैत्रातली हळदीकुंकवं आठवली. आई असताना ती त्यासाठी पुण्याहून यायची आणि दाराशी उभी राहून पन्हं द्यायची. हातात तांब्या असला की कोणी फार बघत नाही. तिशीपर्यंत बायका मजेने कुंकू लावायच्या, ‘पुढच्या वर्षी ओटी’ म्हणायच्या. चाळिशीनंतर ओटीचं कोणी बोलेनासं झालं. बोटं करंड्यात घुटमळायची. हिला कुमारिका म्हणून लावायचं, की मोठी बाई म्हणून, की लावायचंच नाही? कोणी वाईट नव्हतं. सगळ्यांना फक्त पटकन पुढच्या बाईकडे जायचं होतं. आई गेल्यावर, पुण्यातच राहून, ती हे विसरली होती, निदान विसरल्याचं नाटक तिचं चांगलं चिकटलं होतं. आता पुलावर गार वारा लागला आणि कपाळावर एक जागा, भुवयांच्या मध्ये, उगीचच जाणवायला लागली.

न सांगून चालणार नव्हतं. तिने वेगवेगळ्या पळवाटा करून पाहिल्या. तवा बदलला म्हणावं. पहिलं नळकांडं गुपचूप टाकून द्यावं. करंडा हरवावा. पण सांध्याच्या बाबतीत ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती, आणि रत्ना काही दूधखुळी नव्हती. सांगायचं, तर एकच भीती होती. रत्ना रागावेल ही नव्हे. रत्ना ते खरं मानेल, ही.

शेडचं शटर उघडं होतं. रत्ना आत जमीन झाडून मोकळी झाली होती, पदर खोचलेला, तवा अजून थंड. करंडा तिच्या हातात होता.

‘लवकर आला ताई? चा तरी घेतला का?’

‘अर्धा टाकून आले. रत्ना, थांब जरा. लावू नकोस अजून.’

रत्नाचं बोट करंड्याशीच थांबलं. सरोजने पिशवीतून दोन पन्हळी काढून टेबलावर ठेवल्या, कड वर करून. ती रेघ खिडकीच्या उजेडात आणखीच पिवळी दिसत होती. मग तिने सांगितलं, जमेल तितकं साधं. तवा तापला की त्यावरची भुकटी मऊ कडांना लागते. कडा एकमेकींना भेटायच्या ऐवजी मधल्या हळदीला भेटतात. वरून सांधा साजरा दिसतो, आत काही जुळलेलंच नसतं. पहिल्या नळकांड्यातच भुकटी निघून जाते, मग पुढची सगळी पक्की येतात.

रत्ना ऐकत होती. तिने ती रेघ बोटाने पुसून पाहिली, पुसली गेली नाही.

‘म्हंजी तुमच्या घरची समदी म्याच नासवली,’ ती म्हणाली.

‘नासवली काय! भुकटी गेली कडेत, एवढंच.’

‘न्हाई ताई. आमच्या आत्याबाई म्हंत्यात ते काय खोटं न्हाई.’ आत्याबाई म्हणजे तिची सासू. ‘जाऊबाईच्या पोरीला हळद लागली तव्हा म्या नुसती परात उचलून दिली हुती. तर म्हनल्या, तू नगं हात लावू, तुजं लावल्यालं टिकत न्हाई. म्या मनात म्हनलं, बघू की. हितं तर टिकतंय. रोज डाग देतीय, एक सुटंना.’ ती थोडी हसली, आणि ते हसू बघवत नव्हतं. ‘सुटलंच की.’ तिने करंड्याचं झाकण लावलं, नीट, दाबून, आणि जेवणाच्या पिशवीत डब्याच्या खाली ठेवायला घेतला.

सरोजला जिची भीती होती ती हीच. आता भुकटीचं शास्त्र पुन्हा सांगून उपयोग नव्हता. ज्या जागी हे लागलं होतं तिथे शास्त्राची कांडी पोचत नव्हती. तिला राग आला, त्या न पाहिलेल्या आत्याबाईचा, हळदीचा, स्वतःच्या तीस वर्षांच्या अचूकपणाचा. इतके सांधे तपासले, आणि हा एक समोर सुटतोय तर हातात काय आहे? हातात काहीच नव्हतं. मग ती नुसती पुढे झाली आणि रत्नाच्या पिशवीतून करंडा काढून घेतला.

‘तुझ्या हाताने सुटला नाही. हळदीने सुटला. मी लावली असती तरी सुटलाच असता, तुझ्या आत्याबाईंनी लावली असती तरी.’

‘व्हय. तुमी म्हंताय तर आसंल.’

‘म्हणतेय तर असेल नव्हे. हे घे.’ सरोजने झाकण काढून करंडा तिच्यापुढे धरला. या वेळी दोन्ही हातांनी धरला. ‘तव्याला नको. मला लाव.’

रत्नाने आधी करंड्याकडे पाहिलं, मग सरोजकडे, मग उघड्या शटरकडे. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गाणी वाजवत गेली.

‘तुमाला?’

‘मला. माझ्या कपाळाला कुठं काय चिकटवायचंय? खुशाल लाव.’

रत्ना हसली. मघासारखं नव्हे, खरंखुरं, तोंडावर पदर धरून. मग तिने बोट पुढे केलं. हळद गार लागली, मग कुंकू. बोट क्षणभर तिथेच टेकून राहिलं, सांधा गार होईपर्यंत धरावं तसं. सरोजने डोळे मिटले होते. कोणी घुटमळलं नव्हतं, कोणाला पुढच्या बाईकडे जायचं नव्हतं. आपण कोण म्हणून लावून घेतोय हा प्रश्न तिला पडलाच नाही, आणि तो पडला नाही याचंच तिला नवल वाटलं. डोळे उघडून तिने स्वतःचं बोट करंड्यात घातलं.

‘आता तू.’

‘नगं ताई.’ रत्ना एक पाऊल मागे सरली. ‘कुनी बघंल.’

‘बघू दे.’

‘गावात ठराव झालाय म्हना. इधवा बायांनी कुंकू लावायला हरकत न्हाई म्हनून. टाळ्याबी वाजल्या.’ ती बोलत राहिली, जणू बोलणं थांबलं तर काहीतरी होईल. ‘कागदावर हाय समदं. लावलं कुनीच न्हाई.’

‘मग आज लावू.’

रत्ना उभी राहिली. मान जरा खाली, लहान मुलगी उभी राहते तशी. सरोजने बोट टेकवलं. त्या कपाळावर भुवयांच्या मध्ये एक गोल जागा होती, आजूबाजूपेक्षा किंचित उजळ. तिथे पूर्वी रोज कुंकू बसत असणार. बोट आपोआप नेमकं तिथेच गेलं. रत्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही, कारण हात हळदीने भरलेले होते. सरोजला मनापासून वाटलं, आता उपेंद्रने नाही म्हटलं तरी आजचा दिवस आपल्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. आणि लगेच पुढचं वाटलं, की त्याने नाही म्हणू नये.

‘चल, हात धू आधी,’ ती म्हणाली. ‘तव्याला बोट लावलंस अशा हातांनी तर बघ.’

दोघींनी बाहेरच्या नळावर साबण लावून हात धुतले, कोपरापर्यंत. तवा रॉकेल लावून, मग कोरड्या फडक्याने, मग पुन्हा फडक्याने पुसला. तो तापला. रत्नाने दिवसाच्या पहिल्या दोन पन्हळी टेकवल्या, ओठ आवळून धरल्या, उचलल्या, जुळवल्या. सरोज श्वास धरून बघत होती, आणि सांध्यातून कडेला बारीक सरीसारखा मऊ लगदा एकसारखा बाहेर आला तेव्हा तिने श्वास सोडला. रत्ना सवयीने ते नळकांडं सरोजच्या पिशवीत टाकायला गेली.

‘नको. ढिगात ठेव. सगळ्यांत वर.’

उपेंद्र आला तो घाईत होता. तरुण, दाढी राखलेला, गाडीचं इंजिन चालूच ठेवून. सरोजने आधी उललेल्या पन्हळी त्याच्यापुढे ठेवल्या. कडेत भुकटी गेली होती म्हणून ही सुटली, आता जाणार नाही, असं सांगितलं. त्याने ती पिवळी रेघ पाहिली, मान हलवली, आणि ढिगातलं वरचंच नळकांडं उचललं. दोन्ही हातांत धरून पिळलं. तोंड लाल होईपर्यंत पिळलं, मग गुडघ्यावर ठेवून वाकवून पाहिलं. शेडमध्ये कसलाही आवाज आला नाही. त्याने खालची आणखी काही पिळली, मग बाहेर जाऊन इंजिन बंद केलं, आणि परत येऊन म्हणाला की पावसाळ्याच्या आधी किती देता येतील ते बसून ठरवू.

रत्ना चहा घेऊन आली. कप घेताना त्याचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं, मग सरोजच्या, मग पुन्हा टेबलावरच्या त्या पिवळ्या रेघेकडे.

‘आज काही सण आहे का?’ त्याने विचारलं.

‘न्हाई,’ रत्ना म्हणाली. ‘रोजचंच हाय.’